धूमकेतूवरच्या रेघा

पुनावळे,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास, आप्पाचे आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या आईचा गुडघाही आता दुखत नाही. शेजारच्या सुमनताई तुमच्या चाकणला भाचीकडे निघाल्यात, त्यांच्याच हातून चिठ्ठी पाठवतोय. फोनवरचं बोलणं कुठून कुठून फिरून येतं, मला आता भरवसा राहिला नाही.

तुझ्या नवऱ्याबद्दल लिहायचंय. सुजित उपग्रहांच्या अँटेना बनवणाऱ्या कंपनीत लागला तेव्हा गावभर पेढे मीच वाटले. पण ऑक्टोबरात गच्चीवरून धूमकेतूचे फोटो काढले, तर प्रत्येकात पांढऱ्या रेघा! त्याला दाखवले. हसत म्हणाला, "आप्पा, हे उपग्रह. फार उंच नसतात. इथं सूर्य मावळला तरी वर त्यांच्यावर ऊन असतं. हजारो आहेत, अजून जातील."

आभाळाचा सातबारा यांच्या नावावर कुणी केला?

मग मी त्याला म्हणालो, "अशा रेघा मला दुपारी, पडदे लावलेल्या खोलीतही दिसतात." तो लगेच उठला. स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईशी कुजबुजला. मी आत गेलो, तर दोघं चहापत्तीबद्दल बोलायला लागली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी लपवतायत.

काल म्हणाला, "चला, कंपनी दाखवतो." गाडी चाकणकडे, त्याच्या कंपनीच्या रस्त्याला वळलीच नाही. थेरगावात, डोळ्यांच्या दवाखान्यासमोर थांबली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोटोतल्या रेघा उपग्रहांच्या. खोलीतल्या तुमच्या डोळ्यातल्या. आतला पडदा फाटून सुटतोय. ऑपरेशन लगेच करावं लागेल."

"जावयानं पढवलंय तुम्हाला," असं म्हणून मी रिक्षानं घरी आलो. निघताना सुजितला चारचौघांत लबाड म्हणालो. त्यानं तुला हे सांगितलं नसणार.

आज सकाळी डावा डोळा मिटून पाहिला. उजव्यात खालून काळं चढलंय. समोर बसलेल्या तुझ्या आईचं कपाळ दिसलं, तोंड नाही. तिला मी काही बोललो नाही.

उपग्रहांवरून मी त्याच्याशी भांडणारच आहे, ते सोडणार नाही. पण आजच या. गाडी सुजितलाच चालवू दे. फक्त या वेळी कुठं नेतोय ते खरं सांगू दे. मी मुकाट्यानं बसेन.

घाबरलेला,
तुझा आप्पा