जिभेवरचं माप

दि. ३ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू कॉलेजात रंगाचं शास्त्र शिकतेस हे समोरच्या शिंपिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, रंगाऱ्याच्या पोरीला रंग शिकायला तीन वर्षं कशाला हवीत? मी म्हटलं, तुला बाही सरळ लावायला तीस पुरली नाहीत, माझ्या नातीला तीन तरी दे. तेव्हापासून ती बोलत नाही. बरं झालं, कामं उरकतात.

तुझा बाप रंगाच्या हंड्यापाशी उभा राहून उसासे टाकतो. बारावी झाली की पोरगी हाताशी येईल, अशी त्याची समजूत होती. तुझी आई मिठाचा डबा माझ्या हाती लागू देत नाही. परवाची भाजी खारट झाली म्हणे. या घरात सगळ्यांची तोंडं नाजूक झालीत.

खोलीची खिडकी लागत नसेल तर कागदाची घडी खुपस. खिडकीसाठी रडायला तुला तिथे धाडलेलं नाही.

कळावे. माया आहे, पण कागद संपला.

तुझी आजी

दि. १७ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, माझ्या हातून एक घडलंय. प्रयोगशाळेत सोड्याचं पाणी दिलं होतं. त्यात सोडा किती, ते काचेच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडून मोजायचं. माझी पाळी यायला वेळ होता. हात आपोआप गेला. करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली, तू हंड्यातला सोडा चाखायला शिकवलंस तशी. शेजारणीला म्हटलं, आमच्या हंड्याच्या निम्मंच आहे. सर मागेच उभे होते.

त्यांनी मला बाहेर काढलं. म्हणाले, बाटलीत विष असतं तर? हे मला पटलं. पण मग सगळ्यांसमोर म्हणाले, अडाण्यांच्या घरच्या सवयी अशा सुटत नाहीत. महिनाअखेरपर्यंत लिहून द्यायचंय, की घरी शिकले तो सगळा अडाणीपणा होता आणि तो मी सोडते. नाही दिलं तर प्रयोगशाळा बंद, म्हणजे परीक्षाही बंद. बाबा म्हणतात, काही लिहू नकोस, सरळ घरी ये, हंडा वाट बघतोय. मला दोन्ही नकोत. काय करू?

तुझी,
भिंगरी

दि. २२ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

घरी यायचं नाही. आलीस तर आतून कडी घालीन. तुझ्या बापाला सांगितलंय, हंड्याला वाट बघायला डोळे नसतात, तू आपला ढवळत राहा.

सर विषाचं बोलले ते खरं आहे. तू गेली असतीस तर मी भांडले कुणाशी असते?

आता कुणाला सांगितलं नाही ते ऐक. माझी जीभ मेली आहे. सहा वर्षं झाली. चाळीस वर्षं सोडा चाखून टोक जळून गेलं. आधी तिखट गेलं, मग गोड, शेवटी मीठ. भाजी खारट होते ती त्यापायी. हंड्यापाशी अजून करंगळी तोंडात घालते ते निव्वळ सोंग. पाणी बोटांना किती बुळबुळीत लागतं त्यावरून मी ठरवते. तुझ्या बापालाही ठाऊक नाही. कॉलेजचा अर्ज मी तुझ्या उरावर बसून का भरून घेतला, ते आता कळलं? आणि तुला चाखायला शिकवलं ती माझी चूक. जिभेचा तोरा मिरवायचा होता ना मला.

तेव्हा लिहून दे. चाखणं चूक, हे ठळक लिही. माझ्या जिभेचं काय झालं तेही लिही. मला लाज नाही, तुला कशाला? पण अडाणीपणा हा शब्द लिहिलास तर गाठ माझ्याशी आहे. चाळीस वर्षांत माझ्या हातून सुताची एक लड जळलेली नाही. ज्यांनी आम्हाला कधी मापाची नळी दिली नाही, त्यांनी आमच्या जिभेला नावं ठेवू नयेत.

कळावे. लोभ असेल तर डोकं ताठ ठेव.

आजी

दि. २ सप्टेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच लिहिलं. सर उभ्याने वाचत होते, मग खुर्चीत बसले. तो शब्द त्यांनी मागे घेतला नाही, पण पुन्हा काढलाही नाही. सोमवारपासून प्रयोगशाळेत ये म्हणाले.

वर म्हणाले, निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? तुमच्या हंड्यातलं पाणी मागव, सगळ्या वर्गासमोर मोजू. धाडशील?

तुझी,
भिंगरी

दि. ७ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

बाटली धाडली आहे. वर 'चाखू नये' अशी चिठ्ठी डकवली आहे, ती तुझ्यासाठी. तुझ्या बापासमोर भरली, करंगळी तोंडात न घालता. का म्हणून विचारलं, तर सांगून टाकलं. तो ढवळता ढवळताच म्हणाला, तरीच भाजी खारट. तुझी आई मिठाचा डबा मात्र देत नाही ती नाहीच.

सरांना सांग, पाणी रोजचंच आहे, पाहुण्यांसाठी सजवलेलं नाही. तू चुकलीस असं निघालं तर वर्गासमोर कबूल कर. बरोबर ठरलीस तर तेही वर्गासमोरच सांग, पुटपुटू नकोस. काही निघो, हंड्याचा आकडा ठळक लिहून इकडे धाड, आणि ती नळी कशी धरायची तेही. आकडा मी हंड्यावरच्या भिंतीवर माझ्या हाताने लिहीन. यापुढे या घरात कुणी पाणी चाखलं तर त्याची करंगळी मोडीन.

कळावे. आकडा लवकर आला नाही तर मी स्वतः येईन.

तुझी आजी