शेपटाचा नियम

४ जुलै २०२३

पुन्हा शेपूट नाही! हासनच्या सुमाकडून कॅसेट परत आली. पॅकिंग छान, दोरा छान, वर वळणदार अक्षरात पत्ता — आणि आत शेपूट नाही. दोन्ही बाजू शेवटपर्यंत लावून बघितल्या. दुपार गेली.

नियम एकच आहे आणि तो ह्यांनी घातलेला. कॅसेट ऐकून झाली की गाणं जिथं संपतं तिथून पुढच्या कोऱ्या टेपवर आपलं नाव, गाव आणि दोन शब्द बोलायचे, मगच पोस्टात टाकायची. तेच शेपूट. चिठ्ठी नको, कार्ड नको — ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही ह्यांच्या या कॅसेट मंडळात राहता आलं पाहिजे, म्हणून. प्रत्येक डबीवर ह्यांच्या हस्ताक्षरात आहे: ‘शेपूट सोडल्याशिवाय परत पाठवू नये.’ इतकी वर्षं अडाणी म्हाताऱ्यांनी पाळलं. आता शाळेत शिकवणाऱ्या बाईला दोन शब्द बोलायला फुरसत नाही.

११ जुलै

सुमाचं कार्ड. ‘मॅडम, मी बोलले आहे, माझी मुलगीही बोलली आहे, कृपया परत ऐका.’ परत ऐकली. काही नाही! वर खोटं! गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली — तीस वर्षं हेच ऐकत गणित शिकवलं मी. मला कोण फसवणार?

नाव कापलं. कार्डाला उत्तर दिलं नाही.

१५ जुलै

प्रणेशचा बंगळूरहून फोन. बहुतेक तेच — आई, सगळं फोनवर टाकून देतो, पोस्ट कशाला. स्वतःच्या आईशीसुद्धा पुटपुटतो. हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात, पैसे वाचतात की काय! नको म्हटलं आणि ठेवला.

फोनवर टाकून काय होणार? त्याचा बाप रविवारी रविवारी तो जड टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून म्हैसूर, नंजनगूड, सरगूर फिरला. आमच्या रंगारी समाजातल्या म्हाताऱ्या बायका शोधल्या. अंगाया, हळदीची गाणी, रंगाची कढई कशी उकळायची त्याच्या गोष्टी. त्या बायका गेल्या, कढया भंगारात गेल्या. उरल्या या कॅसेटी आणि हे मंडळ. एकेकाळी टपालवाला पिशवी वेगळी आणायचा आमच्यासाठी. आता बोटावर मोजण्याइतकी माणसं.

आणि मी. सगळ्यांच्या शिव्या खायला.

२६ जुलै

आज मात्र वाईट वाटलं. सरगूरच्या भवानीबाईंची कॅसेट आली. बिनशेपटाची.

भवानीबाईंकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांच्या आईची अंगाई ह्यांनी टेप केली होती, तेव्हापासून त्या ह्यांना अण्णा म्हणायच्या आणि मला वैनी. लिहिता येत नाही. पाकिटावरचा पत्ता पोस्टमनकडून लिहून घेतात. पण शेपूट! नियम दोन शब्दांचा, आणि बाई पाच-पाच मिनिटं बोलायच्या, बारीक आवाजात, थांबत थांबत. म्हशीनं लाथ मारली, शेजारणीनं कुंपण सरकवलं, आणि मध्येच ‘वैनी, जेवलात का?’ कॅसेटला विचारायच्या! हे गेले तेव्हा शेपटात नुसत्या रडल्या होत्या. ती कॅसेट मी अजून कुणाला पाठवलेली नाही.

आणि आता कोरी टेप. कोऱ्या टेपचा तो सूं आवाज असायचा पूर्वी, तोही नाही. बघा, कॅसेटीसुद्धा मरायला लागल्या.

२७ जुलै

भवानीबाईंना कार्ड टाकलं. ‘शेपूट मिळाले नाही. नियम सर्वांना सारखा. पुढील कॅसेट पाठवत आहे, या वेळी विसरू नये.’ पोस्टमन वाचून दाखवेल. दुसऱ्या कुणाला मी दुसरी संधी दिली नसती.

५ ऑगस्ट

डाळ करपली. सुप्रीता ऑफिसातून आली आणि नाक धरून उभी. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणून सांगून गेली होती. झाल्याच नाहीत शिट्ट्या, तर बंद काय करू? कुकरच बिघडलाय तुझा, म्हटलं. तिनं काही तरी उत्तर दिलं, ओठातल्या ओठात. सून झाली म्हणून तोंड उघडून बोलू नये असा काही कायदा आहे का! कन्नड घरातली आहे, मराठी अजून अडखळते, ते ठीक. पण अडखळावं तरी मोठ्यानं.

१३ ऑगस्ट

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी परदेशी योगवाली खाली आली. हात जोडून, हसत, कानाकडे बोट — आवाज कमी करा! आमच्या सगळ्या गोकुलम वस्तीत ही मंडळी डोळे मिटून शांती शोधत फिरतात आणि भर दुपारी एक अंगाई सहन होत नाही.

दार लावून घेतलं.

२२ ऑगस्ट

नंजनगूडच्या बिंदुमाधवांची कॅसेट आणि भवानीबाईंची दुसरी कॅसेट एकाच दिवशी.

बिंदुमाधवांचं शेपूट घणघणीत. आधी नाव, मग गाव, मग गुडघे, मग सरकारला शिव्या. कंटाळवाणा माणूस. पण नियम म्हणजे नियम, पाळतो बिचारा.

भवानीबाईंची — काही नाही. पुन्हा काही नाही! कार्ड जाऊनसुद्धा! तीनदा लावली. आवाज पूर्ण सोडून, कान टेपला टेकवून बसले मूर्खासारखी. एकदा वाटलं आत काही हलतंय. पण ते माझंच डोकं.

मी इतकी कशाला रडतेय? एक बाई आळशी निघाली, एवढंच. बघितलं तर मंडळातल्या सगळ्या बायकाच आळशी निघाल्या. पुरुषांची शेपटं येतात, बायकांची येत नाहीत. लिहून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर.

२४ ऑगस्ट

कार्ड टाकलं. ‘दोन वेळा नियम मोडल्यामुळे आपले नाव मंडळातून कमी करत आहे. यापुढे कॅसेट येणार नाही.’ खाली नुसती सही. वैनी असं लिहिणार होते, नाही लिहिलं.

हे असते तर म्हणाले असते, तुंगा, माणूस बघ, नियम काय बघतेस. म्हणाले असते! स्वतः नियम घालायचा आणि स्वतःच माफी वाटत सुटायचं. वाईटपणा घ्यायला मी होतेच.

१ सप्टेंबर

टेबलावर फोन थरथरत होता. अनोळखी नंबर. हॅलो, हॅलो केलं. पलीकडे कोणी नाही. पुन्हा आला, पुन्हा कोणी नाही. ठेवून दिला. लोकांना उद्योग नाहीत.

१७ सप्टेंबर

उद्या गौरी. सरगूरहून दरवर्षी भवानीबाई कुणाच्या तरी हाती केळीची पानं पाठवायच्या. या वर्षी नाही. रागावल्या असतील. रागवा! चूक कुणाची?

बाजारातून पानं आणली. फाटकी निघाली.

८ ऑक्टोबर

तीन आठवडे काही लिहिलं नाही. लिहायला आहे काय? मंडळात आता बिंदुमाधव आणि आणखी दोन म्हातारे. एकमेकांचे गुडघे ऐकतात.

१९ ऑक्टोबर

उशीर झालाय. तरी लिहिते.

इथल्या रीतीप्रमाणे दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्यात. संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या, सुप्रीतानं हरभऱ्याची उसळ केली होती. दरवर्षी ह्यांच्यामागे बाहुल्यांसमोर अंगाईची कॅसेट लावते, आज भवानीबाईंच्या आईचीच लावली, जुलैत परत आलेली ती. राग त्या बाईवर, तिच्या आईवर नाही. मला ती पाठ आहे, ऐकावीसुद्धा लागत नाही.

सुप्रीता उठली आणि आवाज कमी केला. ‘अत्ते, पुरे, खूप झालं.’ सगळ्यांदेखत सासूला! मी पुन्हा वाढवला. अंगाई संपली. बिंदुमाधवांचं जुनं शेपूट घणघणलं, बायका हसल्या. तेही संपलं. मी बंद करायला उठले —

आणि कोणी हलेना. समोरच्या काकूंचा घास हातातच राहिला. सगळ्या टेपकडे बघतायत, मग माझ्याकडे. तोंडाला हात. मी म्हटलं, काय झालं? संपली की कॅसेट! सुप्रीता धावत आली आणि माझा हात बटणावरून बाजूला केला. रडत होती.

बायका न सांगता निघून गेल्या. मग ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली. हो, ओरडलीच, शेवटी एकदाची. ‘अत्ते, संपलं नाही. त्या बोलतायत. तुम्हाला ऐकू येत नाही?’

२० ऑक्टोबर

सकाळी दोन्ही कॅसेटी लावल्या. सुप्रीता एकेक वाक्य थांबवायची, माझ्या कानात सांगायची, मी लिहायचे. तिच्या अडखळत्या मराठीत. तेच खाली उतरवते. माझं काही घालत नाही.

पहिली. ‘मी भवानी, सरगूर. वैनी, आईची अंगाई ऐकली. बरं वाटलं. पोटात गाठ आहे म्हणतात. म्हैसूरच्या दवाखान्यात गौरीच्या आधी ये म्हणालेत. पण सोबत घरचं कोण तरी पाहिजे, नाही तर आपरेशन करत नाहीत. माझं कोण आहे? अण्णा असते तर अण्णांना सांगितलं असतं. तुम्ही येता का? करायचं काही नाही. सुम्ने, नुसतं बसायचं, अष्टे, एवढंच. वैनी, जेवलात का?’

दुसरी. ‘मी भवानी. वैनी, तुमचं कार्ड पोस्टमननं वाचलं. मी बोलले होते की. हळू बोलले असेन, शेजारी ऐकतात म्हणून. आता दार लावून मोठ्यानं बोलते. गाठ आहे, वैनी. येता का?’

याच्यावर मी दुसरं कार्ड टाकलं. तेही पोस्टमननं वाचून दाखवलं असेल, मोठ्यानं, अंगणात उभं राहून.

सुमाची कॅसेट लावली. सुमा आहे. तिची मुलगीसुद्धा आहे, कविता म्हणतेय म्हणे. सुप्रीतानं माझ्या फोनमध्ये मागचे कॉल शोधले. एक सप्टेंबरचा नंबर सरगूरचा. लावला, बंद आहे.

मी कसली राखण करत बसले होते? देवा, कसली!

२१ ऑक्टोबर

सुप्रीतानं गाडी काढली. भवानीबाई आहेत. निम्म्या झाल्यात. गौरीच्या आधी एकट्याच गेल्या होत्या, सोबत कोणी नाही म्हणून दवाखान्यानं परत पाठवलं. गाडीत घालून घेऊनच आलो. ह्यांच्या खोलीत निजवलंय, सोमवारी भरती करायचं. मी बसणार आहे.

वाटेत माझा हात धरून काही तरी सांगत होत्या. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या. जन्मात पहिल्यांदा कुणाला म्हटलं — मला ऐकू येत नाही हो, भवानीबाई, जरा मोठ्यानं बोला.

सुप्रीतानं गाडी कडेला घेतली, मागं वळून माझ्या कानाशी आली. ‘अत्ते, त्या मोठ्यानंच बोलतायत.’