दोन तास आधी आलेलं पाणी

अब्बा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितोय. मला भीती वाटतेय, आणि हे सांगावं असा एकही जिवंत माणूस दिसत नाही. अम्मीला फोनवर सांगितलं तर ती तिकडे जेवायची थांबेल. खोलीत माझ्याबरोबर एक केरळचा स्वयंपाकी असतो, माणूस चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून वही विकत घेतली. सातवीत शाळा सुटली तेव्हा चुका असणारच, पण तुम्ही स्वतःच सहीच्या जागी अंगठा लावायचात, तुम्ही काय चुका काढणार.

मी आत्ता रियाधच्या एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलोय. दुपारचे तीन वाजलेत, बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नाही. इथे मी एका घरात ड्रायव्हर आहे. म्हणजे कागदावर ड्रायव्हर, खरं काम म्हाताऱ्याला सांभाळण्याचं. म्हातारा म्हणजे माझ्या कफीलचा, ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे त्या मालकाचा, बाप. त्याला उठवायचं, नमाजाआधी वुजूला हातपाय धुवायला पाणी द्यायचं, औषध द्यायचं, फिरवायचं. तो तरुणपणी समुद्रकाठच्या कतीफ गावाला मासे मारायचा. पुढे मुलाचा धंदा वाढला, मुलाने त्याला रियाधला आणलं, आणि इथल्या धुळीने त्याची छाती गेली. मला कामावर ठेवताना कफीलने एकच प्रश्न विचारला होता, "तुझा बाप काय करायचा?" मी म्हटलं, खाडीवर तर, म्हणजे होडी, चालवायचा, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचा. आतून म्हातारा ओरडला, "हाच पाहिजे. खलास. दुसरा बघू नका." तुमच्यामुळे नोकरी लागली, अब्बा. तुम्हाला हे कळवायचं राहून गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले थंड, ओली हवा पाहिजे, तेव्हा कफीलने युरोपात वरच्या बाजूला एका बेटावर घर भाड्याने घेतलं. एका वर्षात आम्ही चार वेळा गेलो, दर मोसमात एकदा. एवढं शांत गाव मी जन्मात पाहिलं नाही. गाड्या नाहीत, सगळे सायकलवर. कुत्रं भुंकत नाही. बोटीतून उतरलेली माणसंसुद्धा हळू बोलतात, जणू घरात कोणी आजारी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हाळा होता, रात्रीचे दहा वाजले तरी उजेड जात नव्हता. म्हातारा सूर्य बुडाल्यावरच्या मगरिबच्या नमाजासाठी खिडकीपाशी बसून पेंगायचा आणि मला म्हणायचा, "बघ रे, बुडाला का?" मी म्हणायचो, "नाही बाबा, अजून लटकलाय." इथे घरात काम करणारे सगळे मालकाला बाबाच म्हणतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पानं गळत होती आणि वारा असा की सायकल उभी राहीना. आभाळभर रानटी बदकं ओरडत जायची, तेवढाच काय तो आवाज. तिसऱ्यांदा हिवाळ्यात साडेचारलाच अंधार, चिखलावर बर्फाचे पापुद्रे, आणि दूर कुठेतरी धुक्यात बोटीचा भोंगा. मला तिथे झोप लागायची नाही. मी धावपळीचा माणूस, मला हॉर्न पाहिजे, कोणीतरी कोणाला तरी शिव्या दिलेल्या पाहिजेत. त्या शांततेत मला सारखं वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं करू आणि इथे लगेच सगळ्यांना ऐकू जाईल.

म्हातारा मात्र तिथे खूश असायचा. बेटाच्या एका अंगाला समुद्र ओहोटीला मैलभर मागे जातो आणि नुसता चिखल आणि वाळू उरते, आपल्या खाडीसारखी. बांधावर बसून तो नाक वर करायचा. "या चिखलाला कतीफचा वास आहे," म्हणायचा. "एकदा मला आत ने. पाय बुडवायचेत." उन्हाळ्यात कफीलने नाही म्हटलं, पानगळीत वारा, हिवाळ्यात बर्फ. चौथ्या वेळी, म्हणजे आत्ता वसंतात, हिरव्या बांधावर मेंढ्यांची पिल्लं उड्या मारत होती, ऊन पडलं होतं आणि कफील कामासाठी दिवसभर बोटीने पलीकडच्या शहराला गेला होता. जाताना मला म्हणाला, "तुला पाणी कळतं ना?" मी म्हटलं, "कळतं."

आणि अब्बा, मला कळतच होतं की. तुम्हीच शिकवलं होतं. मी अकरा वर्षांचा, तुम्ही चहाला गेलात आणि मी न विचारता तर सोडली. त्यात लग्नाला निघालेली माणसं, नटून थटून, पोटातलं पाणी न हललेली. मधोमध ओहोटीच्या चिखलात तर रुतली. नवरदेवाच्या मामाने पँट गुडघ्यापर्यंत वर केली तेव्हा बायका हसल्या, आणि तुम्ही काठावरून चिखल तुडवत आलात आणि सगळ्यांच्या समोर माझ्या कानाखाली दिलीत. "पाण्याला इचारलंस का?" एवढंच म्हणालात. संध्याकाळी मला धक्क्यावरच्या टपरीत नेलंत, आम्लेट-पाव घेऊन दिलात, तुम्ही काही खाल्लं नाहीत. खाताना शिकवलंत. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चांद चार, तर तीन वाजता. चांद आठ, तर सहा वाजता. शाळेत मला बेचा पाढा धड आला नाही, पण पाऊणकी मी रस्त्याने ओरडत म्हणायचो. तुम्ही गेलात त्या सकाळीसुद्धा मला पहिलं आठवलं ते हे की आता किती वाजता भरती.

त्या दिवशी चांद आठ होता. आठची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे अकराला निघालो, बाराला टोकाशी गेलो आणि एकपर्यंत परत आलो तरी पाणी आपल्या मागे मागेच राहणार. बोटीच्या धक्क्यावर एक पाटी आहे, तिच्यावर रोजच्या वेळा लिहिलेल्या असतात. मी तिच्यासमोरून म्हाताऱ्याचा हात धरून गेलो. बघितलंसुद्धा नाही. मला कोण शिकवणार, मी तरवाल्याचा पोर.

चपला काढल्या. म्हातारा काठी टेकत निघाला आणि वीस वर्षांनी तरुण झाला. वाटेत एक ओहळ होता, घोट्याएवढं पाणी, तो ओलांडला. पुढे वाळूचा उंचवटा लागला, तिथे तो बसला आणि काठीने उकरून शिंपले काढायला लागला. "तुझ्या गावाला याला काय म्हणतात?" मी म्हटलं, तिसऱ्या. त्याने तीन-चार वेळा म्हणून बघितलं, "तिसऱ्या, तिसऱ्या," आणि हसला. त्याने कतीफच्या एका माणसाची गोष्ट सांगितली, जो जाळ्यात अडकलेल्या स्वतःच्याच पायाला मोठा मासा समजून मित्रांना हाका मारत बसला होता. मी हसत होतो. हसता हसता मागे बघितलं आणि तो ओहळ ओहळ राहिला नव्हता.

समोरून पाणी आलंच नाही, अब्बा. समोर अजून चिखल दिसत होता. पाणी मागून भरलं, आमच्या आणि बांधाच्या मधे. आवाज नाही, लाट नाही. मी घड्याळ बघितलं, बाराला दहा कमी. माझ्या हिशोबाने पाणी अजून बाहेर जायला पाहिजे होतं. मला वाटलं घड्याळ बिघडलं. घड्याळ झटकत मी किती वेळ तिथे उभा राहिलो कोणास ठाऊक. म्हाताऱ्यानेच शेवटी विचारलं, "काय झालं?" मग त्याला पाठीवर घेतलं आणि शिरलो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. एवढं थंड की श्वास घेता येईना. मधे तो पाण्याखाली गेला. परत वर घेतला, आणि कसा ते आठवत नाही, पण पलीकडे मातीला हात लागले. बांधावर सायकल टाकून एक बाई धावत आली, तिच्या अंगातलं जाकीट तिने म्हाताऱ्याला गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलत राहिली. मला एक शब्द कळला नाही, पण शिवी असेल तर मला ती पाहिजे होती. म्हातारा खोकून खोकून खारं पाणी ओकत होता. जाकिटाची ऊब लागल्यावर त्याने माझा कान धरून जवळ ओढलं. "मुलाला काही सांगायचं नाही. कळलं? तो मला परत इथे आणणार नाही." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन पाटी बघितली. आकडे मला वाचता येतात, तेवढी शाळा झाली होती. त्या दिवशीची ओहोटी दहा वाजताची होती. तुमची पाऊणकी आपल्या खाडीची, अब्बा. दुसऱ्या समुद्राला ती लागू नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही दुसरा समुद्र बघितलाच कुठे. मला तिथे उभ्या उभ्या तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू.

रियाधला आल्यावर पाचव्या दिवशी म्हाताऱ्याला ताप भरला. आता तीन दिवस तो इथे आत आहे, तोंडाला मास्क, बोलता येत नाही. त्याची डॉक्टर कोल्हापूरकडची आहे. काल तिने माझं नाव वाचलं, गाव विचारलं आणि मराठीत आली. "तू असतोस ना यांच्याबरोबर? मग नीट सांग. हा साधा न्यूमोनिया वाटत नाही मला. औषध दिलंय ते लागत नाहीये. कुठे पाण्यात पडले होते का? नाकातोंडात घाण पाणी गेलं होतं?" कफील शेजारीच उभा होता, त्याला मराठी येत नाही. मी म्हटलं, "नाही, डॉक्टर." ती म्हणाली, "आठव जरा." मी म्हटलं, "नाही."

कालपासून मी हे खोटं घेऊन फिरतोय. सांगितलं तर कफील काय करेल? पासपोर्ट त्याच्याकडे, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात. त्याच्या बापाला मी बुडवायला नेलं असं म्हणून पोलिसात दिलं तर कोण माझं ऐकणार, मला तर नीट अरबीसुद्धा येत नाही. आणि म्हाताऱ्याला शब्द दिलाय. नाही सांगितलं तर तो मरेल. कदाचित सांगूनही मरेल. तुम्ही असतात तर काय केलं असतंत हे मी विचारत नाही, तुम्ही कानाखाली दिली असतीत. ती बसली तर बरं होईल असं वाटतंय. आता गाडी बंद करतो. वर जाऊन येतो.

आज शनिवार आहे. गेल्या वेळी लिहिलं त्याला दोन दिवस झाले. मी वर गेलो होतो. डॉक्टर जिन्यापाशी भेटली, हातात सँडविच होतं. मी म्हटलं, "पडले होते. समुद्रात. चिखलाच्या पाण्यात." तिने सँडविच खिडकीत ठेवलं. "किती दिवस झाले?" मी सांगितलं. "मूर्खा, काल का नाही बोललास?" असं म्हणून ती अर्धी पळतच आत गेली, मग परत आली. "त्यांच्या मुलाला मला सांगावं लागेल." मी म्हटलं, "मी सांगतो. तुम्ही नका सांगू." मी कफीलला शोधायला निघालो.

कफीलला मी सगळं सांगितलं, जेवढं अरबी येतं तेवढ्यात. हाताने दाखवलं पाणी कुठपर्यंत आलं. शेवटी तो म्हणाला, "तू म्हणाला होतास, तुला कळतं." मग हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे." मी दिली. "जा. घरी जा." मी मेट्रोने आलो. ड्रायव्हर असून मेट्रोत बसलोय म्हणून मला लाज वाटत होती, जणू डब्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

औषध बदललं. काल संध्याकाळी स्वयंपाकी हॉस्पिटलात जाऊन आला, म्हणाला ताप उतरलाय, मास्क काढला होता, सूप घेतलं. कफील माझ्याशी बोललेला नाही. मला ठेवणार की पाठवणार, की आणखी काही, मला माहीत नाही. दारावर गाडी वाजली की मी उठून उभा राहतो. बॅग भरून ठेवलीय, अम्मीला काही सांगितलेलं नाही.

हे मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागा नाही. पण वही संपायच्या आधी एक लिहून टाकतो, कारण डॉक्टरला, कफीलला, दोघांनाही मी सांगितलं की पाण्यात माझा पाय घसरला. पाय घसरला नव्हता, अब्बा. पाणी छातीच्या वर आलं, त्याचे हात माझ्या गळ्याभोवती आवळले, मला श्वास येईना, आणि मी ते हात सोडवले. माझ्याच हाताने, एकेक बोट करून. तो खाली गेला आणि मी दोन पावलं पुढे गेलो. मग काहीतरी माझ्या हाताला लागलं, तो त्याचा सदरा होता. मी त्याला शोधला असं मी म्हणू शकत नाही. तो लागला. आणि बांधावर कान धरून तो म्हणाला ना, कोणाला सांगायचं नाही, तेव्हा तो बेटाबद्दल बोलत होता की याबद्दल, हे मी त्याला विचारणार नाही.