तिवरांचा राखणदार

॥ श्री ॥
मुक्काम तेल्हारा, चैत्र शुद्ध १०, शके १७८६

चिरंजीव देवीदास यास तानुबाईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

गेल्या पेरणीच्या सकाळी मी सरकी शेणकाल्यात घोळत होते, हात कोपरापर्यंत भरलेले, आणि तुझे भाऊजी ओट्यावर तिफणीचा दोर आवळत होते. तू चुलीपाशी बसून शिळी भाकर ठेच्याशी खात होतास आणि तिथूनच आम्हां दोघांना सल्ले देत होतास. गाय पान्हा चोरत होती. बाकी काही घडलं नाही. पण यंदा सरकीचं पोतं सोडलं आणि तीच सकाळ पुढं आली, कारण त्यांच्या हातची ती शेवटची पेरणी.

आता तुझं पत्र. मुंबईच्या शेठनं तुला कपाशीचा जाणकार म्हणून पेणेकडच्या खाडीवर धाडलं, हे वाचून मी पत्र दोनदा तपासलं. आपल्या घरात जाणकार तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं. तू लिहितोस की बांधापलीकडं काळीभोर जमीन फुकट पडून आहे, वर नुसती तिवराची झुडपं, ती तोडली की वऱ्हाडासारखी कपाशी येईल, तरी पोतंभर सरकी पाठव. शेजारच्या पार्बताबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ समुद्रात कपाशी काहून पेरून राहिला, इकडची जमीन सरली का? तिला काय उत्तर देऊ ते कळव.

सरकी मिळेल, पण आधी त्या काळ्या मातीचा गोळा मला पाठव. आणि मृगाआधी घरी ये. धाकटे दीर खुशालराव रोज ओट्यावर येऊन बसतात. म्हणतात, वहिनी, विधवेच्या हातची पहिली मूठ चालत नाही, आमच्या घरच्यांना धरू द्या. इथं ज्याच्या घरची पहिली मूठ, त्याचीच पेरणी आणि वर्षभर त्याचीच वहिती, हे तुला माहीत आहे. कापसाला भाव आल्यापासून त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आता त्यांना माझं शेत लहान दिसत नाही. माहेरचा पुरुष म्हणून तू मूठ धरलीस की तोंडं बंद होतील. खुशाली कळवावी, आणि बहिणीवर हसायचं असेल तर माघारी हसावं.

तानुबाई

॥ श्री ॥
मुक्काम खाडीकाठ, पेणेजवळ, चैत्र वद्य ५

तीर्थस्वरूप बाईस देवीदासाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मातीचा गोळा गाडीवाल्याबरोबर अकोल्याकडं धाडला आहे. वास येईल, पण फेकू नको.

बाई, मी अडकलो आहे. झालं असं की शेठला दाखवायला म्हणून मी कोयता घेऊन दहा हात रुंदीची तिवरं साफ केली. काम छान झालं. तेवढ्यात बांधावर सारं गाव जमलं, आणि पुढं माझी घरमालकीण जयवंता, जी मला दोन महिने भात आणि मासळीचं कालवण वाढते आहे. मला वाटलं, कौतुकाला आली. तिनं माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि काठी दिली.

इथली रीत अशी आहे. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून यांनी मातीचा बांध घातला आहे, आणि बांधाला लाटांचा मार बसू नये म्हणून पुढची तिवरं राखली आहेत. वाळून पडलेली फांदी उचलावी, उभ्याला हात लावू नये. जो तोडताना सापडेल तोच राखणदार, दुसरा कोणी सापडेपर्यंत. म्हणतात, चोरावर नजर ठेवायची तर चोराहून बरा माणूस कुठला. माझ्याआधीचा राखणदार एक म्हातारा होता. तो पाच वर्षं कोणी सापडण्याची वाट पाहत होता. मी काठी घेताना तो रडला, मला वाटलं दुःखानं.

आता रोज ओहोटीला मी बांधावरून फिरतो आणि खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवतो. खेकडे माझ्याकडं खुशालरावांसारखे बघतात. पळालो तर जयवंताच्या घरी भात बंद, आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी एक युक्ती केली आहे. कोयता जयवंताकडून मागून आणून तिवरांत उघडा ठेवला आहे, कोणाला तरी मोह होईल. तीन दिवस झाले, कोयत्यावर एक बगळा बसतो. कोणी सापडला की मूठ धरायला धावत येतो. मोठ्या बहिणीनं रागावू नये, रागावलीच तर बेतानं.

आपला देवीदास

॥ श्री ॥
मुक्काम तेल्हारा, वैशाख शुद्ध ४

चिरंजीव राखणदारास आशीर्वाद, आणि खेकड्यांना माझा नमस्कार सांगणे. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या पार्बताबाईला वाटलं रडते आहे, म्हणून ती धावत आली. वर्ष होत आलं, या घरातून एकच आवाज येईल असं तिनं धरलेलं. मग तिलाही वाचून दाखवलं. म्हणाली, जयवंता भेटली तर तिची ओटी भरीन.

माती पोचली. गाडीवाल्यानं ती गाडीच्या मागं दोरीनं बांधून आणली, अंगाजवळ ठेवली नाही. मी जिभेवर ठेवली, खारट लागली. मग गाडग्यात घालून सरकी टाकली. कोंब आला आणि पिवळा पडून मान टाकली. देवीदास, काळी दिसली म्हणजे कपाशीची जमीन होत नाही. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. पूर्णेकाठी बाबांचं शेत होतं तेही असंच काळं. एका उन्हाळ्यात बाबांनी विहीर खणली, पाणी खारं लागलं, तरी हट्टानं त्या पाण्यावर भिजवलं. पुढच्या वर्षी वर पांढरी पापडी आली. बाबा सकाळी उठून ती पायानं खरवडत. आपण तिथून का उठलो हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही.

तेव्हा जयवंता कशाला भिते ते मला इथं बसून कळतं. सरकी पाठवत नाही.

खुशालरावांनी काल स्वतःची तिफण आणून माझ्या शेताच्या धुऱ्यावर उभी केली. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, कोंबड्यांना बसायला होईल. ते हसले नाहीत. बी धूळपेरीनं टाकायचं आहे, पाऊस यायच्या आत. लवकर सुटून ये. कोयत्यावरचा बगळा सापडला असं म्हणता येणार नाही का ते पंचांना विचारून पाहा. माया आहे तशी राहू दे.

तानुबाई

॥ श्री ॥
मुक्काम खाडीकाठ, वैशाख वद्य ३

तीर्थस्वरूप बाईस देवीदासाचे दंडवत. वि. वि.

पौर्णिमेला भर दुपारी उधाणाची भरती आली, वर वारा. तिवरं उभी होती तिथं पाणी त्यांच्यात शिरून थकून बांधाला टेकत होतं. मी तोडलेल्या दहा हातांत मात्र ते सरळ येऊन धडकत होतं. तिथंच बांध खचला. गावानं घरटी एक माणूस धाडला, मी पाठ लावून उभा राहिलो आणि बाकीच्यांनी माझ्या मागं पेंढा आणि चिखल भरला. तरी पाणी जयवंताच्या खाचराच्या कोपऱ्यात गेलंच. संध्याकाळी तिनं भात वाढला, मासळी वाढली नाही. बाई, शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी शेठ होडीनं पाहायला आला. त्याला तोच कोयता दिसला. म्हणाला, बघू तरी लाकूड कसं आहे, आणि हात उगारला. मला तेवढंच हवं होतं. एक घाव, की तो सापडला आणि मी सुटलो. तुझ्या शेताची, खुशालरावांच्या तिफणीची, सगळ्याची आठवण झाली. पण तो काही काठी घेऊन इथं राहणार नव्हता. तो परत जाऊन वीस माणसं धाडणार होता. मी त्याचं मनगट धरलं आणि बांधाखालच्या चिखलात बसवला. नोकरी गेली. होडीत चढेपर्यंत तो मला जे बोलला ते बहिणीला लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की तेव्हाही त्याची एक मोजडी चिखलात होती. जयवंतानं ती कुंपणाला टांगली आहे, आणि त्या दिवसापासून मासळी सुरू झाली.

आता ती मला कांदळाच्या, म्हणजे तिवरांसोबतच चिखलात वाढणाऱ्या झाडाच्या, लांब शेंगा मोकळ्या जागेत खोचायला शिकवते. पण माझा जीव तिकडं आहे. अमावस्येला पुन्हा उधाण. मी आत्ता निघालो तर तुझ्या पेरणीला पोचतो. थांबलो तर खुशालराव मूठ धरतील. पंच म्हणतात, काठी टाकायची तर टाक, बांधून ठेवत नाही. तू ये म्हणालीस तर निघतो. तू सांगशील ते करीन, हे पहिल्यांदाच लिहितो आहे, जपून ठेव.

आपला देवीदास

॥ श्री ॥
मुक्काम तेल्हारा, वैशाख वद्य ९

चिरंजीव देवीदास यास आशीर्वाद. वि. वि.

येऊ नको.

माझं शेत वर्षभर दुसऱ्यानं वाहिलं तर भांडून परत घेता येईल. खारावलं तर कोणाशी भांडणार? बाबा कोणाशी भांडले? तू खचवलेली जागा तूच उधाणात धरून उभा राहा. शेंगा ओळीत लाव, तुझ्या सवयीप्रमाणे नको.

इथलं मी पाहते. खुशालरावांना मी काल सांगितलं की तू अकोल्याहून निघालास आणि उद्या सकाळी पोचतोस. खोटं बोलले, त्याचा हिशेब मी देईन. त्यांना वाटतं, तू घरी येण्याआधी तुला वेशीवर गाठावं, गोड बोलावं आणि मूठ त्यांच्या घरच्यांनी धरावी असं तुझ्याच तोंडून वदवावं. त्यांच्या सुनेनं तुझ्यासाठी पुरण घातलं आहे. सगळं घर पहाटे वेशीवर जाऊन बसणार, चांदीच्या शेंब्यांच्या बैलांसकट. पार्बताबाई त्यांना मध्येमध्ये जाऊन सांगेल की दूरवर धूळ दिसते आहे.

तुझे भाऊजी असते तर मला रागावले असते आणि मग पाठ फिरवून हसले असते. त्यांची तिफण मी उतरवली आहे. दोर अजून त्यांनी आवळलेला तसाच आहे. पत्र घेऊन जाणारा उद्या संध्याकाळी येईल, तोवर हे उघडंच ठेवते. जयवंतास माझा निरोप सांग की पोरगा वाईट नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं. दोघांनी मला मनात ठेवावं.

तानुबाई

ता. क. आज सकाळी मी ओटीत सरकी घेतली, पहिली मूठ धरली आणि दिवस मावळेपर्यंत सगळं शेत पेरलं.