बाहेरून ठोकलेलं दार

ता. ४, सोमवार

आज सकाळी देवाला हात जोडले आणि नव्या घरातलं पहिलं काम केलं ते मागच्या दाराच्या फळ्या उपटण्याचं. हे दार बाहेरच्या अंगाला उघडतं आणि त्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या, त्याही बाहेरून. म्हणून गल्लीतून वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं गेलो. ऊन पाठीवर येईपर्यंत पक्कड चालवली. खिळे असे ठोकलेले, जणू घर उडून जाणार होतं. आपलंच दार कोणी बाहेरून कशाला ठोकेल? बायको म्हणाली, आधीचा मालक तुमच्यासारखाच असणार, काम झाल्यावर आठवलं असेल की आपण बाहेरच राहिलो. दोघंही पोट धरून हसलो.

दाराबाहेर छोटंसं अंगण, फाटक, आणि फाटकाला लागून खासगी रस्ता. तोंडाशी तशी पाटीच आहे. दोन्ही बाजूंना झाडं, गाडी नाही, खड्डा नाही. नवल एवढंच, की त्यावरच्या सगळ्या घरांनी त्याच्याकडे पाठ केली आहे. एकाही भिंतीला खिडकी नाही.

जन्मभर दुसऱ्याच्या भिंतीत खिळा मारायला परवानगी मागितली. पन्नाशीला टेकता टेकता स्वतःचं घर झालं. त्याची कृपा.

ता. ६, बुधवार

शेजारी एक निवृत्त बाई राहतात. शाळेत शिकवायच्या. मागचं दार उघडलंत का, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. रस्ता कोणाचा म्हटलं, तर म्हणाल्या, ज्याचा आहे त्याचा. वर्षातून एकदा, याच महिन्याच्या अखेरीला, दोन्ही तोंडांना साखळी लागते. कोण लावतं ते ठाऊक नाही. ती लावली नाही तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा वहिवाटीचा हक्क लागतो म्हणे. आणि मग हळूच म्हणाल्या, त्या दिवशी जो जिथं असेल, तो तिथला.

मास्तरकीची सवय, शेवटी बोधवाक्य हवंच. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग त्या दिवशी मी माहेरी जाऊन बसते.

वडील म्हणायचे, ज्या बांधावरून माणूस रोज जातो तो बांध त्याचा होतो. मीही आजपासून गोदामात त्याच रस्त्यानं जातो. तिथं वजनकाट्यावर दिवसभर उभं राहायचं असतं. सकाळची ही सावलीतली चाल बरी वाटते.

ता. १२, मंगळवार

आज बायको मागच्या रस्त्यानं एकटीच बाजारात गेली. तिचा डावा गुडघा वर्षानुवर्षांचा दुखणेकरी. एक पाऊल टाकते, दुसरं मागून ओढते. डॉक्टर म्हणाले होते, सपाटीवर चाला.

दुपारची गेलेली दिवेलागणीला आली. हात रिकामे. पिशवी विसरले म्हणाली. कुठं, ते सांगितलं नाही. पण आल्या आल्या जिना चढून सरळ गच्चीवर गेली, कठड्याला हातही न लावता. मी देवासमोर बराच वेळ बसलो. किती दिवसांचं मागणं होतं.

ता. १९, मंगळवार

गुडघा पार बरा आहे. मात्र ती बोलायची कमी झाली. मी भाजी करपवली आणि काही ऐकून घ्यायच्या तयारीत बसलो, तर तिनं ती निमूट खाल्ली. एरवी चार दिवस पुरला असता तो विषय. ‘अहो’ म्हणून हाकही मारत नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहते. नवी जागा, करमत नसेल.

आज सुट्टी होती. दुपारी रस्त्यावरून कोणी तरी आलं आणि फाटकाशी थांबलं. मी पाहिलं तेव्हा कोणी नव्हतं.

ता. २३, शनिवार

रोज दुपारी येतं, ती म्हणते. तुम्ही नसता तेव्हा. आज मीही ऐकलं. एक पाऊल पडतं, दुसरं घसटतं. आज फाटकाच्या आत होतं.

फटीतून पाहिलं. नुसतं ऊन.

बाईंना विचारायला गेलो. त्यांनी खिडकीतूनच सांगितलं, दार होतं तसं करा. आधीच्या मालकांचं काय झालं म्हटलं, तर खिडकी लावून घेतली.

ता. २६, मंगळवार

रजा काढली. तिला एकटं सोडवत नाही.

पाऊल अंगणात आलं. मग पायरीवर. आज एक पायरी, उद्या उंबरा. वहिवाट अशीच लागते. वडिलांचं बोलणं आता नकोसं वाटतं.

मी देवाचं नाव घेत होतो, मोठ्यानं. ती मात्र शांत बसून होती. माझ्याकडे पाहत. घाबरली नव्हती.

ता. २८, गुरुवार

दाराला हात लागला बाहेरून. थाप नव्हे. आपलं घर असल्यासारखा, कडी चाचपणारा हात.

मी आतून कडी धरून ठेवली. बाहेर कोणी तरी दमून बसल्यासारखा श्वास — आणि मला रडू का आलं, कळत नाही. ते पाऊल कुठं तरी ऐकलं आहे. आठवत नाही. आठवू नये असं वाटतं.

ता. २९, शुक्रवार

ठरलं. उद्या अखेरचा दिवस. साखळी लागायच्या आत दार बंद झालं पाहिजे. ती घरात हवी, ते बाहेर. जो जिथं असेल —

दार बाहेर उघडतं, तेव्हा फळ्या बाहेरूनच. ठोकून लगेच वळसा घालून पुढच्या दारानं येईन. तिला सांगितलं. तिनं उठून खिळे आणून हातात दिले. मोजून घ्या म्हणाली.

ता. ३०, शनिवार

ठोकलं. सगळ्या फळ्या. देवाचं नाव घेत एकेक खिळा. वही खिशात होती म्हणून पायरीवर बसून लिहितो.

वळसा घालायला निघालो तर टोकाला साखळी. कोणी लावताना दिसलं नाही. ओलांडली. पलीकडे पुन्हा आमचंच फाटक. दुसऱ्या टोकालाही तेच —

पक्कड आत राहिली.

आतून हाक आली. माझ्या नावानं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी माझं नाव घेतलं नाही. हसत हाक मारते आहे. पावलं जिन्यावर, सरळ, हलकी —

रस्त्यावर कोणी तरी येतं आहे.

एक पाऊल. दुसरं ओढत.

देवा. मी तिलाच —

वळणावर आली. पिशवी हातातच आहे, भाजी वाळून गेलेली. गुडघा धरून थांबली. फळ्यांकडे पाहते आहे. आता माझ्याकडे. म्हणते, अहो, मी रोज येत होते, तुम्ही दार का