तिकिटाएवढा हातमोजा

नॉर्थ बे, रविवार, २ फेब्रुवारी

प्रिय लू,

आम्ही सगळे ठीक, म्हणजे मी, आई आणि तो आळशी कुत्रा. तू फोन उचलत नाहीस आणि निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. टपालाचं पाकीट तरी तू न फोडता टाकून देणार नाहीस, एवढी तुझी मला ओळख आहे.

यंदा तळ्याने बर्फ उशिरा धरला. नाताळ होऊन गेला तरी बर्फावर गाडी न्यायची कुणाची छाती होत नव्हती. आता मात्र मासेमारीच्या खोपट्यांचं अख्खं गाव वसलंय. आपलं लाल खोपटं मी आणि मिसेस कोवाल्चकच्या जावयाने ओढत नेलं. चूल धूर सोडते. मासे म्हणशील तर तीन. तिन्ही इतके बारीक की आई म्हणाली, "यांना परत सोड, यांची आई वाट बघत असेल."

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं एप्रिलमध्ये. तोवर ती एका डोळ्याने सगळ्या घरावर नजर ठेवून आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त बघते.

आता आपल्या संगणकावरच्या खेळाबद्दल. तू विचारणार नाहीस, पण मी सांगणार.

खेळांच्या ऑनलाइन दुकानाची वसंतातली जत्रा जवळ आली. तुला माहीतच आहे, त्या आठवड्यात लोक हजारो नवे खेळ फुकट चाखून बघतात, आणि एका खेळाला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. तिथलं आपल्या खेळाचं पान १० तारखेला, सोमवारी, कुलूपबंद होणार. मग चित्र बदलता येत नाही की मजकूर. आणि 'खेळ आला की कळवा' म्हणून नाव नोंदवून ठेवलेली माणसं आहेत दोनशे बारा. सव्वा वर्षात दोनशे बारा! एवढी माणसं मिसेस कोवाल्चकच्या दुकानात एका शनिवारी गळाची गांडुळं घ्यायला येतात.

तिचाच किस्सा सांगते. जानेवारीत वाचनालयात स्थानिक खेळवाल्यांचा मेळावा होता. मी खेळाच्या पानावरचं माझं चित्र लावून बसले होते. तेच ते, ज्यात अख्खं खोपटं आहे, चूल, रेडिओ, किटली, बाबांची टोपी, कुत्रा, मागे पंचवीस खोपटी आणि वर ध्रुवीय प्रकाशाचं हिरवं आकाश. मिसेस कोवाल्चक दाराशी उभी राहिली, डोळे बारीक केले आणि सगळ्यांदेखत ओरडली, "ओडेट, पाव भाजायचा खेळ केलास होय गं?"

मी म्हटलं, "पाव कुठे दिसला तुम्हाला?"

"हा काय! करपलाय बघ. वर हिरवी बुरशीपण आलीय."

सगळे हसले. मीही हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच. घरी येऊन ते चित्र दुकानात दिसतं तेवढं केलं, टपाल तिकिटाएवढं. लू, खरंच पाव आहे रे तो.

तू हे सव्वा वर्षापूर्वी सांगितलं होतंस. फ्रिजवर दुसऱ्यांच्या खेळांची ऐंशी चित्रं तिकिटाएवढी करून चिकटवलीस, त्यांत आपलं घुसवलंस आणि म्हणालास, "शोध. मी पाच आकडे मोजतो." मला माझंच चित्र सापडलं नाही. तू हसलास, आणि मी सगळे कागद ओरबाडून फेकले. मग तू केलेलं चित्र दाखवलंस. निळा बर्फ, काळं भोक, आणि त्यात गळ सोडणारा एक नारिंगी हातमोजा. बस्स. मी म्हटलं, "हा काय वाहतूक पोलीस आहे का?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तू म्हणालास, "तुझ्या खोपट्यातल्या तेवीस वस्तूंतली एक ठेव." मला एकही काढवेना. सगळ्या बाबांच्या होत्या, ते गेल्यावर मागे राहिलेल्या. हे तेव्हाच सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस. मी तुला 'तुला कलेतलं काय कळतं' असं म्हटलं.

गेल्या शनिवारी मी पुन्हा फ्रिजवर ऐंशी कागद चिकटवले. पावही लावला आणि तुझं चित्रही. (हो, ते पुसून टाकलंय असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं. 'किराणा' नावाच्या कप्प्यात ठेवलं होतं, तू तिथे कधी बघणार नाहीस म्हणून.) आईला चष्म्याशिवाय, एका डोळ्याने, दारात उभं केलं आणि म्हटलं, "आपला खेळ कुठला?"

तिने एक आकडासुद्धा मोजू दिला नाही. सरळ बोट ठेवलं. "हा माझा मोजा. लूसाठी विणलेला."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू त्याला काय बोललीस गं, की तो इतका लांब गेला?"

मी म्हटलं, "चित्रावरून भांडण झालं."

"चित्रावरून कुणी थंडर बेला जाऊन हार्डवेअरच्या दुकानात रंग ढवळत बसत नाही," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

तर आता लिहितेच. सहा ओळी खोडून झाल्या आहेत.

त्या दिवशी तू भांडणानंतर दुकानातलं आपलं पान उघडलंस. माझं चित्र तिथे कसं दिसतं ते बघायला. आणि खालचा मजकूर वाचलास: 'चार वर्षांच्या परिश्रमांतून, एका स्त्रीने सर्वस्वी एकटीने साकारलेला खेळ.' खुंटीवरचा तुझा कॉफीचा मग काढलास, खिशात घातलास आणि गेलास.

चौसष्ट मासे तू रंगवलेस. उणे तीस अंशांत तळ्यावर पालथा पडून बर्फ तडकण्याचा आवाज तू टिपलास आणि आठवडाभर कान शेकत बसलास. आणि मी 'एकटीने' लिहिलं. टोरोंटोला खेळ विकायला शिकवणाऱ्या शिबिरात एक बाई म्हणाल्या होत्या, की एकट्या माणसाची कहाणी लोक वाचतात, जोडीची कुणी वाचत नाही. मला वाटलं, विक्रीसाठी एक शब्द, कुणाचं काय बिघडतं! तुझं बिघडलं. मला ते त्याच संध्याकाळी, रिकामी खुंटी बघून कळलं होतं, आणि तरी तो शब्द मी तसाच राहू दिला. याची मला लाज वाटते, लू. माझं चुकलं.

आज सकाळी तो शब्द काढला. तू काहीही म्हणालास तरी तो परत येणार नाही. नवा मजकूर तुझ्याच नियमाने लिहिलाय, म्हणजे आपण किती दमलो ते नाही, तर खेळणाऱ्याने काय करायचं ते:

'बर्फाला भोक पाडा. गळ सोडा. किटली चढवा. शेजारच्या खोपट्यातून कुणीतरी हाक मारतंय, जाऊन बघा.'

याखाली एक ओळ घालायची आहे: 'लुसियन आणि ओडेट, भावाबहिणीने मिळून केलेला खेळ.' आणि वर तुझा हातमोजा. पण चित्र तुझं आणि नावही तुझं. तू हो म्हटल्याशिवाय दोन्हीला हात लावणार नाही. सोमवारपर्यंत काही कळलं नाही, तर करपलेला पावच जत्रेत जाईल. तेही माझ्याच कर्माने, तुझ्यावर बोल नाही.

आई विचारते, नवा मोजा विणू का. रंग तोच ना?

तुझा मग नेलास तरी खुंटी मोकळीच ठेवणारी,
ओडेट


थंडर बे, गुरुवार, ६ फेब्रुवारी

ओडे,

चित्र संगणकावरून आजच पाठवलंय, हा कागद मागून येईल. जुनं लावू नकोस. त्यात अंगठा चुकलाय, उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात आहे. सव्वा वर्ष तुझ्याकडे पडून होतं आणि तुला दिसलं नाही? कलेतलं तुला पुष्कळ कळतं.

ओळ घाल, पण नाव आधी तुझं. चार वर्षं तू काढलीस, मी दोन.

तो शब्द गेला हे मला सोमवारीच कळलं. कामावर जाण्याआधी मी रोज ते पान उघडतो, गेल्यापासून रोज. त्या दिवशी उघडलं तर 'एकटीने' नव्हता. बराच वेळ बघत बसलो, दुकानाला उशीर झाला. संध्याकाळी अंगठा दुरुस्त करायला घेतला. तुझं पत्र आज आलं, तेव्हा माझा शेवटचा हात फिरत होता.

आईला सांग, रंग तोच. मार्चअखेर येतो, तोवर तळ्यावरचा बर्फ धरून ठेव. चुलीचं धुराडं मी बघेन, तू हात लावू नकोस.

आणि त्या दोनशे बारा जणांना तू फार हिणवलंस. त्यांना नावं ठेवू नकोस.

त्यांतला पहिला,
लू