कुलपातली इस्त्री

५ जानेवारी, रविवार
जळला! आकाशी शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. गुरुदत्त इस्त्री तशीच टेकवून गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. मला करपल्याचा वास आला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं!

एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कोपर स्टेशनजवळच्या इस्त्रीवाल्याला घरचा एक रुमालसुद्धा दिला नाही. मलाही नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी एक साडी जाळली होती. "सुमेधा, तुला बीजगणित येतं ना? पुरे." तेव्हापासून दर रविवारी इस्त्री ह्यांची. माझं काम साडीचं दुसरं टोक धरायचं, एवढंच.

नीलला फोन केला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. "आई, ती इस्त्री आधी कुलपात टाक. आज शर्ट जाळला, उद्या घर जाळतील." टाकली. किल्ली माझ्या पर्समध्ये. फार मोठी चोरी केल्यासारखं वाटतंय.

६ जानेवारी, सोमवार
दिवसभर इस्त्री शोधत होते. पलंगाखाली, फ्रिजमध्येसुद्धा! दुरुस्तीला टाकलीय, असं मी सांगितलं. खोटं.

८ जानेवारी, बुधवार
"इस्त्री आली का दुरुस्त होऊन?" जेवलो की नाही ते आठवत नाही, पण हे बरोब्बर लक्षात!

मला मात्र सकाळी "अहो" म्हणाले. दोनदा. मला आयुष्यभर "अगं" म्हणणारा माणूस! डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू माणसं विसरतील. माणसं म्हणजे शेजारपाजार, असंच मी धरून चालले होते. मीही त्यात असेन हे मनातच आलं नाही. कोणाला सांगू?

१२ जानेवारी, रविवार
ते दुपारी झोपल्यावर इस्त्री काढली. इतक्या मुलांना गणितात पास केलं, हे काय जमणार नाही? नाही जमलं. आधी सुती झब्बे घेतले, मग त्याच तापलेल्या इस्त्रीखाली टेरिकॉटची पँट. चिकटली! दुसऱ्या पँटला दोन-दोन क्रीज.

मागे बघते तर हे उभे. रागावले नाहीत. "आधी रेशीम, मग टेरिकॉट, सुती शेवटी. इस्त्री तापत जाते तसे कपडे घ्यायचे." जसंच्या तसं! परवा स्वतःचं नाव सांगताना अडखळले होते. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ दिला. "थँक यू हं, बाई."

२५ जानेवारी, शनिवार
उद्या सुनेकडे, ऋजुताकडे हळदीकुंकू. काळी रेशमी साडी काढली, ह्यांनीच घेतलेली. इस्त्री जेमतेम कोमट ठेवली, ह्यांनी सांगितल्याप्रमाणे रेशीम आधी घेतलं. तरी पदरावर पांढुरकी चकाकी उठली. ओल्या फडक्यानं पुसली तर डाग आणखी पसरला. सत्तरीला आले, आणि एक साडी सरळ करता येत नाही मला! ज्याला विचारायचं तो माणूस शेजारच्या खोलीत बसलाय, आणि मी कोण ते त्याला ठाऊक नाही.

२६ जानेवारी, रविवार
न राहवून साडी आणि तापलेली इस्त्री ह्यांच्यासमोर ठेवली. नील काय म्हणायचं ते म्हणो.

"काय केलंत हे, बाई! काळं कापड नेहमी उलट्या बाजूनं. वर मलमलचा तुकडा." मग माझ्या हातातून साडी काढून घेतली. "बाकीचे कपडे करा तुम्ही. ही राहू दे. ही आमच्या सुमेधाची. तिची साडी मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही."

मी दुसरं टोक धरून उभी राहिले.